कांबळे यांचे नाव घाला, नाहीतर माझे काढा

जिच्या कृपेवाचून मनातला अर्थ आणि जिभेवरचा शब्द यांची गाठ पडत नाही, त्या वाग्देवतेला प्रथम वंदन असो. विघ्नहर्त्या गजाननाला वंदन असो. आणि ज्यांनी ज्यांनी कोणाला काही शिकविले त्या सर्व गुरूंना, त्यांची नावे सभेत घेतली गेली असोत वा गाळली गेली असोत, माझा साष्टांग नमस्कार असो.

आज आमचे स्नेही मनोहर वालावलकर यांचे वर्षश्राद्ध. कुडाळला त्यांच्या पुतण्याने विधी केला. इकडे ओमानात, मस्कतजवळच्या सीबला, मुलाच्या घराच्या गच्चीवर बसून, मीही त्यांच्या नावाने तिलांजली दिली. तर्पणात आप्तांच्या मागोमाग मित्राचे नाव घेण्याची मुभा शास्त्राने दिली आहे, हे शास्त्राचे मोठे मन. माणसांच्या मनाविषयी मात्र तसे म्हणवत नाही, आणि म्हणूनच हा लेख लिहायला बसलो आहे.

झाले असे, की आमच्या मस्कतच्या मराठी मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी वालावलकर सरांवर लेख मागितला. मंडळाचे सचिव नितीन प्रभू यांचा दूरध्वनी आला. आवाज नेहमीप्रमाणे प्रसन्न.

"शास्त्रीजी, दोनच पानं द्या. छान गोड लिहा. आणि सरांनी भाऊसाहेबांचं जे चरित्र लिहिलं, त्याचा उल्लेख नक्की करा हं. त्यांचं सर्वांत मोठं काम तेच."

मी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ जपाची माळ नुसती हातात धरून बसलो. ज्या मजकुरावरून स्वतःचे नाव निघावे म्हणून तो माणूस मस्कतमधल्या अखेरच्या दिवसांपर्यंत झगडला, तोच मजकूर आता त्याच्या कीर्तीचा कळस म्हणून मिरवायचा! मंडळाला मी नकार कळविला. हा लेख त्यांच्यासाठी नाही. तो वाचकांसाठी आहे, आणि तो गोड नाही.

वालावलकर सर येथील एका भारतीय शाळेत इंग्रजी शिकवीत. अंगाने सडपातळ, पांढऱ्या अर्ध्या बाह्यांचा सदरा गळ्यापर्यंत बंद, मानेभोवती घामासाठी दुमडलेला हातरुमाल. सीबच्या जुन्या बाजाराजवळ एका शिंप्याच्या दुकानावर त्यांचे बिऱ्हाड होते. मोटार इतकी सावकाश चालवीत, की मासळीचे ट्रकसुद्धा त्यांना मागे टाकून जात. चहा बशीतून पीत. बोलणे शुद्ध, पुस्तकी. मात्र रागावले की कुडाळ जागे होई.

त्यांचा एक प्रश्न साऱ्या मस्कतमध्ये प्रसिद्ध होता. कोणी काही रंगवून सांगू लागला, की सर चष्मा वर करून विचारीत, "तुम्ही तिथं होतात?"

या प्रश्नाने कित्येक मेजवान्यांची चव गेली. कोणाचे आजोबा वाघाशी झुंजले होते, कोणाच्या काकांनी बड्या साहेबाच्या तोंडावर राजीनामा फेकला होता. सरांनी एवढेच विचारावे आणि वाघाचा हळूहळू तरस व्हावा. माझ्याकडे सत्यनारायणाला आले असता, एका संताच्या चमत्काराची कथा मी सांगितल्यावर, प्रसाद घेताघेता त्यांनी मलाही विचारले, "शास्त्रीबुवा, तुम्ही तिथं होतात?"

मी म्हटले, "नव्हतो, म्हणून तर हात जोडतो. असतो तर तुमच्यासारखे प्रश्न विचारीत बसलो असतो, आणि दर्शन राहून गेलं असतं."

ते मनापासून हसले. शिऱ्याची वाटी पुढे करून म्हणाले, "हे उत्तर चाललं. अजून वाढा." आमचा स्नेह त्या दिवसापासूनचा.

आता त्यांच्या आयुष्याच्या खऱ्या कामाविषयी. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडन शहरी थॉमस हॅलोवे नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. दिवसा विमा कचेरीत कारकुनी, उरलेल्या वेळात कवींची चरित्रे आणि मासिकांतून ग्रंथसमीक्षा. आज त्याच्या देशातही त्याला कोणी वाचीत नाही. आमच्या सरांना त्याचे एक पुस्तक शाळेच्या ग्रंथालयाने मोडीत काढलेल्या गठ्ठ्यात मिळाले आणि तेव्हापासून तो त्यांच्या घरात राहायला आला. साऱ्या जन्मात दुसऱ्यांची चरित्रे लिहिणाऱ्या या माणसाचे चरित्र कोणी लिहिले नाही, हे सरांना सहन होईना. ते त्यांनी मराठीत लिहायला घेतले.

त्यांच्या पत्नी सुमतीवहिनी म्हणत, "आमच्या घरात आम्ही दोघं आणि तो मेलेला साहेब. दोन खोल्यांतली एक त्याची. त्याच्याकडून निदान अर्धं भाडं तरी मागा."

सर म्हणत, "तो बिचारा स्वतःच भाड्याच्या घरात मेला."

वहिनी म्हणत, "म्हणूनच तुमचं जमलं."

हॅलोवेची एक हकीकत सर पुन्हा पुन्हा सांगत. एका दिवंगत कवीचे चरित्र त्याने लिहिले. कवी दारूपायी वाया गेला होता. कवीच्या बहिणीने रडून भेकून तेवढा भाग गाळायला लावला. हॅलोवेला दया आली, त्याने गाळला. ग्रंथ गाजला, निर्मळ, सात्त्विक, घराघरांत ठेवण्याजोगा म्हणून त्याची वाहवा झाली. ती वाहवा त्या माणसाला विषासारखी लागली. शेवटी एका मासिकात त्याच ग्रंथावर एक निनावी, अत्यंत कठोर परीक्षण आले. ते हॅलोवेनेच लिहिले होते.

"स्वतःच्या पुस्तकावर!" सर बशी खाली ठेवून म्हणत. "आहे कोणी आपल्यात असा? पण शास्त्रीबुवा, नाव लपवलं त्यानं. तेवढं मला आवडलं नाही."

हा ग्रंथ पुरा झाला. पुण्यातल्या एका प्रकाशकाने तो न उघडता परत केला आणि वर सुचविले, की मस्कतच्या आठवणी असतील तर लिहा, खजुराच्या बागा, वाळवंट वगैरे, त्यांना मागणी आहे. सरांनी हस्तलिखित पुन्हा कपाटात ठेवून दिले. मला मात्र आजही त्या सूचनेची चीड आहे. जन्मभर एका विषयाशी निष्ठा ठेवणाऱ्याला खजूर विकायला सांगायचे!

दर शुक्रवारी मंडळातर्फे ते मुलांना मराठी शिकवीत. ही मुले आपसांत इंग्रजी बोलतात. त्यांची मराठी अडखळत, भीत भीत येते. सरांनी त्यांना निबंध घातला, 'माझे आजोबा'. घरोघरच्या आयांनी बसून प्रेमळ, दयाळू, वटवृक्षासमान आजोबा लिहून दिले. एका मुलीने मात्र स्वतः लिहिले, "माझे आजोबा चिडके आहेत. ते टीव्हीवर ओरडतात. मी गेले की आवाज कमी करतात." सरांनी तो कागद वर्गापुढे वाचला आणि म्हणाले, "हे चरित्र. बाकीचे वटवृक्ष घरी घेऊन जा." मुलीच्या वडिलांनी तक्रार केली. आजोबांनी स्वतः गावाहून फोन करून नातीला शाबासकी दिल्यावर ती मिटली.

असा हा माणूस. त्याच्याकडे गौरवग्रंथातले चरित्र सोपविण्याची बुद्धी मंडळाला कशी झाली, हे एक दैवच जाणे.

भाऊसाहेब तावडे हे येथील मोठे बांधकाम व्यावसायिक आणि मंडळाचे आधारस्तंभ. गणपतीचा मांडव असो, नाटकाचा प्रयोग असो, त्यांच्याशिवाय पान हलत नाही. त्यांची षष्ट्यब्दी आली. शांतिकर्माचे पौरोहित्य माझ्याकडे होते. सोहळ्याबरोबर गौरवग्रंथ निघावा, शाल-श्रीफळाने त्याचे प्रकाशन व्हावे, ही आपली सर्वमान्य रीत. मुख्य चरित्रात्मक प्रकरण सरांनी लिहावे असे ठरले.

सरांनी ते काम पूजेसारखे केले. पावसाळ्याच्या सुटीत कोकणात जाऊन भाऊसाहेबांच्या गावी राहून आले. येथे किनाऱ्यावरच्या बरका गावी जाऊन जुन्या कामगारांना भेटले. भाऊसाहेबांच्या पहिल्या अर्बाबाला, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांनी धंदा सुरू केला त्या वृद्ध ओमानी मालकाला भेटले. आणि त्या साऱ्या विचारपुशीत एक नाव वर आले: प्रकाश कांबळे. सर त्यांनाही भेटून आले.

कांबळे हे अमरावतीकडचे स्थापत्य अभियंता, बौद्ध. भाऊसाहेब मुकादम म्हणून नुकतेच आले होते तेव्हा त्यांना नकाशा वाचता येत नव्हता. कांबळे यांनी रोज काम सुटल्यावर त्यांना शेजारी बसवून तो शिकविला. पुढे बरक्याच्या मासळीबाजारालगत शीतगृहाचे काम निघाले तेव्हा कांबळेच अर्बाबाकडे गेले आणि म्हणाले, या माणसाला द्या, मी त्याच्या पाठीशी आहे. भाऊसाहेबांचा उदय तेथून झाला. नंतर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, त्यात कोणाचाही दोष नव्हता.

सरांनी हे सर्व साध्या वाक्यांत लिहिले. "तावडे यांना नकाशा वाचता येत नव्हता. तो त्यांना प्रकाश कांबळे यांनी शिकविला." विशेषण नाही, उपमा नाही. मला त्यांनी ते प्रकरण वाचून दाखविले होते. भाऊसाहेबांविषयी माझा आदर ते ऐकून वाढला. प्रौढ वयात, थकल्या अंगाने, दुसऱ्याच्या शेजारी बसून शिकणारा माणूस मला फार मोठा वाटला.

षष्ट्यब्दीच्या दिवशी मस्कतच्या बौशर भागातल्या सभागृहात रेशमी फीत सोडून ग्रंथ प्रकाशित झाला. प्रती वाटल्या गेल्या. सर माझ्या शेजारी बसून आपले प्रकरण उघडून पाहू लागले, आणि मी त्यांचा चेहरा पांढरा पडताना पाहिला.

त्यांनी पान माझ्यापुढे धरले. तेथे छापले होते: "एकलव्याप्रमाणे गुरूविना, केवळ जन्मजात प्रज्ञेच्या बळावर भाऊसाहेबांनी स्थापत्यशास्त्र आत्मसात केले. जणू नकाशेच त्यांच्याशी बोलू लागले." कांबळे हे नाव साऱ्या प्रकरणात कोठेही नव्हते. आणि खाली लेखक म्हणून, ठळक अक्षरांत, मनोहर वालावलकर.

मी पाठशाळेत वाढलेला माणूस आहे. महाभारत मी उपजीविकेसाठी नव्हे, उपासनेसाठी वाचले. एकलव्याला गुरू नव्हता? अहो, ज्याला गुरूने दारातून परत धाडले, त्या पोराने निदान मातीचा गुरू घडविला, त्याच्यापुढे रोज माथा टेकविला, आणि मागितला तेव्हा अंगठा दिला. तुम्ही तर जिवंत, हाडामांसाचा, तासाभराच्या वाटेवर राहणारा गुरू पुसून टाकलात, आणि त्या कृतीला एकलव्याचे नाव दिलेत! हे अज्ञान असते तर मी क्षमा केली असती. हे अज्ञान नव्हते.

सर उठून नितीनरावांकडे गेले. मी मागोमाग होतो.

"हे माझं नाही," सर म्हणाले.

"सर, थोडं एडिट केलंय फक्त. फ्लोसाठी."

"कांबळे कुठे गेले?"

नितीनरावांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "सर, कार्यक्रम कौटुंबिक आहे. उगाच वेगळा विषय नको. लोक काय काय अर्थ काढतात."

"कसला वेगळा विषय?"

"तुम्हाला कळतंय, सर."

"मला नाही कळत. सांगा."

नितीनराव हसले आणि दुसऱ्या पाहुण्याकडे वळले. सर मागून म्हणाले, "भाऊसाहेबांनी हे गाळायला सांगितलं का?"

"छे छे! त्यांना तर दाखवलंच नव्हतं. सरप्राइज होतं ना."

हा वेगळा विषय कोणता, ते मला कळत होते. ज्या आवाजात तो उच्चारला गेला तो आवाज मी लहानपणापासून ओळखतो. आमच्याच आळ्यांत, आमच्याच ओसऱ्यांवर तो पिढ्यान्‌पिढ्या खाली आणला गेला आहे. समुद्र ओलांडून माणसे आली, भाषा बदलली, कपडे बदलले. तो आवाज मात्र सामानात बांधून आणला. शिकविणारा कोण यावरून शिकलेले लपवायचे, हा विद्येचा अपमान आहे. आणि विद्या ही माझी देवता आहे. मी हे शांतपणे लिहितो आहे, पण शांत नाही.

सरांनी दुसऱ्या दिवसापासून एकच मागणी लावून धरली. "कांबळे यांचं नाव घाला, नाहीतर माझं काढा." ग्रंथ मंडळाने संगणकावर, म्हणजे आपल्या संकेतस्थळावरही ठेवलेला होता, तेथे दुरुस्ती करणे म्हणजे चहा निवायच्या आत होणारे काम. उत्तर यायचे, "इन्शाल्ला सर, बघतो." सर मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, देव मध्ये आणला की समजावं, हे करणार नाहीत."

पुढल्या महिन्यात मंडळाने ग्रंथाचे परीक्षण आणि लेखकांचा सत्कार ठेवला. सरांनी येऊन शाल घेतली की प्रकरण मिटेल, असा हिशेब असावा. सर आले. शाल घेतली, घडी करून खुर्चीवर ठेवली, आणि माइकपुढे उभे राहिले.

"मला या ग्रंथातल्या चरित्रात्मक प्रकरणाचं परीक्षण करायचं आहे," ते म्हणाले. "त्याच्या लेखकाचं नाव मनोहर वालावलकर असं छापलंय. मी या गृहस्थांना बरीच वर्षं ओळखतो. त्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

लोक हसले. त्यांना वाटले, विनोद आहे.

मग सरांनी ते प्रकरण ओळीओळीने उलगडले. हे वाक्य कशाच्या आधारे? हे विशेषण कोणी पाहिले? नकाशे बोलले, तर काय बोलले? अर्बाबाने काम दिले, पण ओळख नसलेल्या मुकादमाला ते का दिले, हे लेखक का सांगत नाही? हसणे थांबले. पुढल्या रांगेत भाऊसाहेब आपल्या हातांकडे बघत बसले होते.

"लेखकाने एका माणसाचं नाव गाळलं आहे," सर म्हणाले. "त्यांचं नाव प्रकाश कांबळे. त्यांनी भाऊसाहेबांना शिकवलं. आणि भाऊसाहेबांनी पुढे कधी, कुठेही त्यांचं नाव घेतलं नाही. तेही लेखक लपवतो."

येथे माइक बंद पडला. बॅटरी संपली, असे सांगण्यात आले. सर वर्गात बोलत त्या आवाजात माइकशिवाय बोलत राहिले आणि वाक्य पुरे करूनच खाली आले. वाटेत माझ्याशी थांबून एवढेच म्हणाले, "हॅलोवेनं नाव लपवलं होतं. माका ता जमाचा नाय."

परिणाम व्हायचा तो झाला. शुक्रवारचा वर्ग "सरांना विश्रांती मिळावी म्हणून" दुसऱ्याकडे गेला. ज्यांची मुले त्यांनी अ आ ई पासून शिकविली, ती माणसे बाजारात त्यांना पाहून मोबाइलमध्ये डोके घालू लागली. सुमतीवहिनींना हळदीकुंकवाचे बोलावणे आले नाही. कोणी उघड वाईट बोलले नाही; आपल्या सभ्य समाजाला त्याची गरज पडत नाही. आणि ज्या भाऊसाहेबांना एका शब्दाने हे सारे थांबविता आले असते, ते गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा राग मी अजून देवापुढे ठेवू शकलेलो नाही.

शाळेच्या नोकरीची मुदत संपली. सामान कुडाळला रवाना झाले. निघण्याच्या आधी सर मला म्हणाले, "बरक्याला येता का? कांबळेंना न गाळलेलं प्रकरण वाचून दाखवायचं आहे. छापलं नाही तर नाही, ज्याचं आहे त्यानं ऐकावं तरी."

आम्ही त्यांच्या मोटारीने, त्यांच्या गतीने गेलो. मासळीबाजारापासून जवळच कांबळे यांची लहानशी कचेरी होती. टेबलावर नकाशांच्या गुंडाळ्या, भिंतीशी तथागतांची छोटी मूर्ती, तिच्यापुढे ताजे फूल. मी मूर्तीला नमस्कार केला. कांबळे साठी ओलांडलेले, भरदार, मोजके बोलणारे. त्यांनी चहा मागविला आणि हात बांधून ऐकू लागले.

सर वाचीत गेले. नकाशाचा भाग आला, अर्बाबाचा आला. कांबळे मान हलवीत होते. मग सरांनी शेवटले वाक्य वाचले; मी आधी ऐकले तेव्हा ते प्रकरणात नव्हते, ग्रंथ छापून आल्यावर त्यांनी घातलेले होते: "पुढे तावडे यांनी कांबळे यांचे नाव कधीही, कोठेही घेतले नाही."

"थांबा जी, सर," कांबळे म्हणाले. "हे काही खरं नाही."

सरांनी चष्मा वर केला.

"माझी मिसेस हॉस्पिटलात होती. आमचं काम वेगळं झालं होतं तेव्हा. हा तावडे सकाळी आला आणि दिवसभर बाहेर बाकड्यावर बसून राहिला. नर्सनं विचारलं, तुम्ही कोण? तर म्हणे, मी कांबळे साहेबांचा विद्यार्थी. मी पडद्याच्या आतून ऐकलं ना. बाहेर दहा माणसं बसली होती, सगळ्यांच्या देखत म्हणाला."

माझ्याने राहवले नाही. मी म्हटले, "मग त्या सभेत त्याची वाचा कुठे गेली होती?"

"ते त्यालाच विचारा, शास्त्रीजी. मलाही राग आहे त्याचा. लई राग आहे. पण मला राग आहे म्हणून हे वाक्य खरं नाही होत."

सरांचा चेहरा लाल झाला होता. "हे मी तुम्हाला विचारलं नव्हतं," ते म्हणाले.

"नाही विचारलं."

"विचारायला हवं होतं. रागात लिहिलं मी हे." मग माझ्याकडे वळून, अगदी लहान आवाजात, "शास्त्रीबुवा, माझ्याच हातून झाला ह्या. आणि ह्याच मी सभेत बोललंय."

त्यांनी कांबळे यांच्याकडून लेखणी मागून घेतली आणि ते वाक्य खोडले. वर नवे लिहिले, कांबळे यांना वाचून दाखविले, त्यांनी एक शब्द बदलायला लावला, तो बदलला. मला वाटले, आता निघू. पण सर म्हणाले, "सभेत चूक बोललो, तर दुरुस्तीही सभेसमोरच व्हायला हवी. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर अजून आहे मी. तिथं लिहितो."

"आता त्या लोकांची माफी मागणार तुम्ही?" मी संतापून म्हणालो.

"माफी नाही. दुरुस्ती. भाऊसाहेबांच्या पदरात जे आहे ते त्यांना मिळायला हवं."

त्या दुरुस्तीचे काय झाले, ते येथेच सांगून टाकतो. तीत भाऊसाहेबांच्या बाजूचे बोलणे होते, त्यांना मोठेपणा देणारे होते. तरीही आम्ही सीबला पोहोचण्याच्या आत ती गटावरून काढून टाकण्यात आली. नितीनरावांचा फोन आला, "सर, खलास करा ना आता. परत परत ते नाव कशाला?" म्हणजे भाऊसाहेबांची स्तुतीसुद्धा नको, जर तिच्यात कांबळे हा शब्द येत असेल तर! याहून स्पष्ट कबुली मला कोणत्या न्यायालयात मिळाली असती? सर कुडाळला गेले, आणि वर्ष सरायच्या आत देवाघरी गेले. ग्रंथ संगणकावर आहे तसा आहे. एकलव्य तेथे अजून गुरूविना उभा आहे, आणि खाली त्या माणसाचे नाव आहे. म्हणून मी या कागदावर लिहून ठेवतो: ते प्रकरण मनोहर वालावलकर यांचे नाही. त्यांच्या प्रकरणात प्रकाश कांबळे यांचे नाव होते, आणि भाऊसाहेब तावडे यांनी दहा माणसांदेखत आपल्या गुरूचे नाव घेतले होते, हेही त्यांनी शेवटी त्यात लिहिले होते.

माझ्या डोळ्यांपुढे सर येतात ते त्या संध्याकाळचे. कचेरीबाहेर ऊन कलले होते, पण डांबर अजून भाजत होते. मी मोटारीत जाऊन बसलो होतो; सर बाहेर, पदपथावर. मोबाइल डोळ्यांजवळ धरून एका बोटाने एकेक अक्षर टिपीत होते. कांबळे शेजारी उभे, मान तिरपी करून वाचीत होते, आणि पडद्यावर ऊन पडू नये म्हणून त्यांनी नकाशाची एक गुंडाळी उलगडून दोघांच्या डोक्यांवर धरली होती. समुद्राकडून मासळीचा वास येत होता. मी काच खाली करून हाक मारली, "सर, चला, उशीर होतोय."

"झालंच जी," कांबळे म्हणाले. "सर, पाठवा आता."

"थांबा," सर म्हणाले, "नर्सनं काय विचारलं होतं, ते परत एकदा सांगा."

आणि कांबळे पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.

हे वाचणाऱ्या तुम्हां सर्वांचे मंगल होवो. तुमच्या घरी वडीलधाऱ्यांना निरामय आयुष्य लाभो, मुलाबाळांच्या वाणीला बळ येवो, चुलीला अन्न आणि दाराला अतिथी कधी कमी न पडो. आणि तुमच्या कुळात ज्याने ज्याने कोणाकडून चार अक्षरे घेतली असतील, त्या देणाऱ्याचे नाव, ते कोणतेही असो, तुमच्या पंगतीत मोठ्या आवाजात घेतले जावो. ती सद्बुद्धी श्रीगजानन तुम्हां आम्हां सर्वांना देवो.